गोधडी शिवणाऱ्या बाईच्या वर्षाचा हिशेब

प्रश्न असा आहे. प्रश्नकर्त्या ताई आठ वर्षे घरी हाताने गोधड्या शिवत आहेत. यंदा एका महिला मंडळाने त्यांना पहिल्यांदाच शिकवायला बोलावले आहे, डिसेंबरातल्या एका प्रदर्शनात त्यांना जागाही मिळाली आहे, आणि त्या प्रदर्शनासाठी घेतलेली पाच फूट बाय सात फुटांची गोधडी जून संपत आला तरी निम्मीच शिवून झाली आहे. शिवणे, शिकवणे आणि मांडणे ही तिन्ही कामे एका वर्षात कशी बसवावीत, आणि त्यांतले काही सोडावेच लागले तर काय सोडावे, असे त्यांनी विचारले आहे.

या तिन्हींपैकी शिवणे हे एकच काम असे आहे की ज्याला घाई चालत नाही. शिकवण्याची तयारी वेळप्रसंगी एका रात्रीत आटोपता येते, मांडणी चार माणसे हाताशी घेऊन एका सकाळीत उरकता येते, पण धावदोऱ्याची ओळ जितका वेळ घेते तितका घेतेच. म्हणून वर्ष आखताना आधी शिवण्याचे तास बाजूला काढावेत आणि उरलेल्या जागेत बाकीची दोन कामे बसतात का ते पाहावे, असे माझे मत आहे. बहुतेक जणी नेमके उलटे करतात. प्रदर्शनाची तारीख आणि कार्यशाळांचे वार आधी ठरतात, आणि गोधडी रात्री दहानंतरच्या वेळेत ढकलली जाते.

तास कसे मोजायचे ते तुमच्याच गोधडीवर दाखवते. ६० इंच रुंद आणि ८४ इंच लांब गोधडीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर लांबीच्या दिशेने ओळी घातल्या, तर सुमारे १२० ओळी होतात. प्रत्येक ओळ ८४ इंचांची, म्हणजे एकूण १०,०८० इंच, अर्थात सुमारे २५६ मीटर धावदोरा. तीन-चार थरांतून सुई काढताना सराईत हाताचे इंचाला पाच टाके धरले, तरी पन्नास हजारांवर टाके झाले. माझी एक ओळ, दोरा ओवणे आणि मधूनच मान सरळ करणे धरून, पंधरा मिनिटांत होते; म्हणजे नुसत्या ओळींना ३० तास लागतात. त्याआधी साड्या निवडणे, धुणे, कातरणे आणि वरचा थर जोडणे यांना तितकेच तास जातात. थर लावून कच्चे टाके घालायला आणि शेवटी कडेने गोट लावायला मिळून आणखी दहा तास धरावेत. वापरायची एक साधी गोधडी ७० तासांची होते ती अशी. प्रदर्शनासाठी पाव इंचावर ओळी घेतल्या तर ओळी दुप्पट होतात, वरच्या थरातली रचनाही जास्त विचार मागते, आणि तोच आकडा दीडशे तासांवर जातो. माझी पंधरा मिनिटे तुम्ही उसनी घेऊ नयेत. घड्याळ लावून स्वतःची एक ओळ सकाळी आणि एक ओळ दोन तास शिवून झाल्यावर मोजावी आणि दुसरा आकडा खरा मानावा.

आता वर्ष पाहू. घर सांभाळून शिवणाऱ्या बाईला दिवसाचे दोन तास, आठवड्याचे पाच दिवस, आणि सणवार वगळून वर्षाचे ४८ आठवडे मिळाले, तर तिच्या हाती ४८० तास पडतात. एक प्रदर्शनाची गोधडी १५० तास, दोन वापरायच्या गोधड्या १४० तास, दुपटी, आसने असली लहान कामे ६० तास, अशी ३५० तासांची शिवण झाली. उरले १३०. तीन तासांची कार्यशाळा ही प्रत्यक्षात नऊ तासांची असते, कारण प्रत्येकीसाठी कापड कापून पुड्या बांधणे, जाणे-येणे, मागे राहून पसारा आवरणे आणि नंतर फोनवर शंका सोडवणे हे सारे त्यातच येते. अशा दहा कार्यशाळा घेतल्या की ९० तास गेले. प्रदर्शन तीन दिवसांचे असले तरी गोधडी टांगण्यायोग्य करणे, चिठ्ठ्या लिहिणे, नेणे-आणणे आणि उभे राहणे धरून ४० तास सहज जातात. बेरीज बरोबर ४८० होते, आणि गोम तिथेच आहे, कारण घरातले एखादे लग्न किंवा मुलाचा आठवडाभराचा ताप या बेरजेत कुठेच बसत नाही. म्हणून मी वापरायची एक गोधडी कमी करते. वर्षाकाठी एक मोठी आणि एक साधी, याहून अधिक काम मी गेली कित्येक वर्षे अंगावर घेतलेले नाही.

पूर्वी घेत असे. एका वर्षी नोव्हेंबर ते जानेवारी या तीन महिन्यांत मी दोन प्रदर्शने आणि चार कार्यशाळा स्वीकारल्या होत्या, आणि खणाच्या तुकड्यांची एक मोठी गोधडी पहिल्या प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी पंचवीस ओळी शिल्लक असलेली अशी समोर पडली होती. मी त्या पंचवीस ओळी चार रात्रींत उरकल्या. इंचाला पाच टाके होते ते तीन झाले, आणि लांबून पाहणाऱ्याला ते कळणार नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. प्रदर्शनात एक वृद्ध बाई आल्या, त्यांनी गोधडीवरून बोट फिरवत आणले आणि नेमक्या त्या पट्ट्यावर थांबून मला विचारले, "इथं झोप येत होती का गं बाई?" घरी आल्यावर मी तो भाग उसवला. सुती लुगडे असते तर एका धुण्यात सुईची भोके बुजली असती. पण खणाचे विणकाम घट्ट आणि धागा गुळगुळीत, त्यामुळे भोके तशीच राहिली. नवे टाके आता नीट आहेत, आणि त्यांच्या शेजारी जुन्या घाईच्या टाक्यांचा माग आजही उजेडात स्पष्ट दिसतो.

तासांइतकेच महत्त्व ऋतूला आहे, आणि ते आपल्याकडच्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. आमच्या सातारा भागात गोधडीला वाकळ म्हणतात. रब्बीची सुगी उरकल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंतचा काळ वाकळ शिवण्याचा मानला जाई, कारण शेतातून हात मोकळे झालेले असत, ऊन कडक असे आणि सारवलेले अंगण किंवा ओसरी कोरडी ठणठणीत मिळे. शहरात राहूनही मी हाच क्रम धरला आहे, फक्त अंगणाच्या जागी गच्ची आली आहे.

उन्हाळ्यात मी कापड गोळा करते, धुते, तपासते आणि थर लावते. जुने कापड निवडताना ते खिडकीशी उजेडात धरावे. जिथे उजेड जाळीसारखा झिरपतो तिथले सूत विरलेले असते आणि तिथे टाका टिकत नाही. नऊवारी लुगडे साधारण आठ मीटर लांब असते आणि ते मध्यावर आधी झिजते. म्हणूनच तो झिजलेला भाग काढून दोन्ही बाजूंचे चांगले कापड जोडत, आणि अशा लुगड्याला दंड घातलेले लुगडे म्हणत. जुन्या वाकळेत मधोमध अशी दंडाची शिवण सापडली तर ती उसवू नये, असे मी प्रत्येक विद्यार्थिनीला सांगते. त्या शिवणीला निम्म्या आयुष्याची धुणी लागलेली असतात, तरी ती बहुधा आपल्या आजच्या शिवणीपेक्षा घट्ट निघते.

साडी सुती आहे की नाही याची शंका असेल तर काठाजवळचे दोन धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि बोटात चुरली जाणारी राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. सुती आणि पॉलिस्टर एकाच थरात शेजारी ठेवू नयेत, कारण दोन्हींचा ताण निराळा असतो आणि चार धुण्यांत चुण्या पडतात. नवे मांजरपाट अस्तर म्हणून घ्यायचे असेल तर ते आधी गरम पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे. पाच टक्के आटले तरी ८४ इंचांत ते चार इंचांहून अधिक आखडते, आणि वरच्या जुन्या साड्या आता आटायच्या राहिलेल्या नसतात. मग सगळी गोधडी गोळा होते. रंगाची परीक्षा यापेक्षा सोपी आहे: ओले पांढरे फडके कापडावर ठेवून वर गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड पांढऱ्याशेजारी कधीही लावू नये. मिठाच्या पाण्यात भिजवले की रंग पक्का होतो ही समजूत मी फार वर्षे बाळगली आणि लाल खारव्याच्या एका जुन्या तुकड्याने ती एका धुण्यात मोडली. त्या गोधडीचा कोपरा अजून गुलाबी आहे.

पावसाळ्यात थर लावू नयेत. कापड हवेतला ओलावा धरते, आणि सर्द थर एकावर एक शिवून टाकले की आत कुबट वास कायमचा राहतो. मात्र उन्हाळ्यात कच्च्या टाक्यांनी पक्की केलेली गोधडी जून ते सप्टेंबर या काळात खिडकीशी बसून शिवायला उत्तम. ढगाळ दिवसांत गडद कापडावरच्या गडद दोऱ्याच्या ओळी घेऊ नयेत. त्या श्रावणातल्या उघडिपीसाठी ठेवाव्यात आणि अंधाऱ्या दुपारी फिक्या भागावर काम करावे. दोरा हातभर, फार तर दीड हात घ्यावा आणि मेणावरून एकदा ओढावा. लांब दोऱ्याने ओवण्याचा वेळ वाचतो असे वाटते, पण शंभर वेळा कापडातून ओढला गेलेला दोरा शेवटी केसाळ होतो आणि तिथेच तुटतो.

आपल्याकडे पुष्कळ जणी कडेने सुरू करून चौकटी घालत आत आत जातात, आणि मग मधोमध कापडाचा फुगा उरतो. पाश्चात्त्य पद्धतीत मधून बाहेर शिवतात, त्यामागे फुगा बाहेर ढकलण्याचाच विचार असतो. पण कडेने आत शिवण्याचीही पक्की परंपरा आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर भागात मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. त्या कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत सरकतात, पण वरचा थर आधी जोडून ठेवत नाहीत. प्रत्येक ठिगळ जागेवर दुमडून धावदोऱ्यानेच बसवत जातात, त्यामुळे फुगा येण्याचा प्रश्नच उरत नाही. काम संपल्यावर चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात, आणि ती नसतील तर कवंदी उघडी राहिली असे मानतात. तुमचा वरचा थर आधीच जोडलेला आहे, तेव्हा तुम्ही मधल्या ओळींपासून बाहेर जावे हे बरे. बाहेरून आत आधीच अर्ध्यापर्यंत आल्या असाल, तर हाताच्या तळव्याने कापड दर ओळीआधी मध्याकडे निपटत राहावे आणि उरलेल्या भागातले कच्चे टाके उसवून पुन्हा घालावेत. चुणी शिवून पुढे जाऊ नये.

पितृपक्ष संपता संपता गावाकडे दसरा काढायची लगबग सुरू होते. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुतली जातात. मला हा आठवडा वर्षातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जुन्या गोधड्या उलगडून उन्हात घातल्या की कुठला दोरा तुटला, कुठली कड आधी फाटली, कुठे कसर लागली, हे सारे त्यांच्यावर वाचता येते. गेल्या वर्षीच्या कामाचा याहून सच्चा परीक्षक मला भेटलेला नाही. गोट प्रथम कोपऱ्यात फाटतो हे मला या धुण्यांत कळले, आणि तेव्हापासून मी गोटाची पट्टी उरेप, म्हणजे तिरकी, कापते, शिवणीपलीकडची माया चांगली अर्धा इंच ठेवते आणि कोपऱ्यावर दुहेरी टाका घेते. प्रदर्शनाची गोधडी दसऱ्यापर्यंत शिवून संपलेली असावी, हा माझा नियम आहे. त्यानंतरचे दोन महिने गोट, चिठ्ठी, छायाचित्रे आणि अडीअडचणींसाठी.

शिकवण्याबद्दल मला जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पहिल्या वर्षी चुका होतात त्या इथेच. गेल्या वर्षी जे काम पुरे झाले, धुतले गेले आणि टिकले, तेच यंदा शिकवावे. सध्या मांडीवर असलेली गोधडी वर्गात नेऊ नये. तिच्यातले प्रश्न तुमचे तुम्हालाच सुटलेले नसतात, आणि वीस जणींची मते ऐकून ती तुमची उरत नाही. पहिल्या वर्गात नक्षी शिकवण्याचा मोह टाळावा. मी प्रत्येकीला एक फूट चौरसाचे तीन थर देते आणि नुसत्या सरळ ओळी घालायला लावते. सुई एका हाताने पुढे ढकलायची नसते. खालच्या हाताने कापड वर-खाली डोलवायचे आणि वरच्या हाताने सुई जवळजवळ स्थिर धरायची असते, आणि चार-पाच टाके सुईवर भरले की मगच दोरा ओढायचा असतो. हे बोलून कळत नाही. मी विद्यार्थिनीच्या खालच्या हाताला माझा हात लावते आणि दहा टाके तिच्याबरोबर घालते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. तासाभराने सगळ्यांना चौरस उलटा करायला सांगावा. वरून टाके सारखे दिसतात, पाठीमागे मात्र निम्म्या ठिकाणी सुईने अस्तर पकडलेलेच नसते. उलटी बाजू पाहण्याची सवय लागली की पहिला वर्ग सार्थकी लागला असे मी मानते.

एका वर्गात आठ जणींहून अधिक घेऊ नका. मंडळे तीस जणींचा आग्रह धरतात, पण तीस जणींसमोर केवळ भाषण होते. मुलांसाठी मे महिन्याची सुटी ठेवावी, मोठ्यांसाठी जानेवारी-फेब्रुवारी. पावसाळ्यात वर्ग घेऊ नये असे नाही, परंतु तुमच्या शिवण्याचे सर्वांत शांत महिने तेच आहेत, तेव्हा ते मी तरी विकत नाही. आणि मोबदला घ्यावा. "आपल्याच मंडळाच्या बायका आहेत" म्हणून फुकट शिकवले की पुढच्या वेळी येणारी दुसरी कुणी मोबदला मागते तेव्हा तिला वाईट ठरवले जाते.

वर्गात एकदा एक मुलगी तिच्या गेलेल्या आजीचे इरकल लुगडे घेऊन आली. गोधडी करायची होती, पण कात्री लावायला तिचा हात धजत नव्हता. अशा वेळी समजावत बसू नये. आम्ही ते लुगडे न कापता चार पदरी घडी घातली, काठ कडेला येतील असे बसवले, आणि घडीवरूनच धावदोरा घातला. अंगावर घ्यायला ती लहान झाली, पण तिला ती पायांवर घेऊन वाचत बसायची होती, आणि तेवढ्याला पुरली. पुढे कधी मन बदललेच तर टाके उसवून अखंड लुगडे परत मिळते.

आता मांडण्याविषयी. आपल्याकडे प्रदर्शन हा एकच शब्द दोन फार निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे विक्रीची जत्रा: पुण्यात डिसेंबरात भरणारी भीमथडी, मुंबईत बचत गटांसाठी भरणारे महालक्ष्मी सरस, ही त्याची मोठी उदाहरणे. दुसरे म्हणजे कलादालन, जिथे गोधडी भिंतीवर चढते आणि लोक मागे हात बांधून पाहतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी थंडीपासून बचाव म्हणून जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात टांगल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. आपल्या वाकळा त्यांच्यापेक्षा कमी देखण्या आहेत असे मला वाटत नाही. त्यांना भिंत उशिरा मिळते आहे इतकेच. चेन्नईत इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरवला गेला तेव्हा आपल्या देशातल्या हातशिवणीला निदान एक हक्काची जागा मिळाली. तुमच्या प्रदर्शनाचा प्रकार कोणता हे आयोजकांना आजच विचारा, कारण जत्रेला दहा-बारा लहान वस्तू लागतात आणि कलादालनाला एकच गोधडी पुरते.

टांगण्यासाठी गोधडीच्या वरच्या काठाला मागून चार इंच रुंदीची कापडी नळी शिवावी आणि तिच्यातून दांडी घालावी. परदेशी प्रदर्शनांतही बहुधा हीच अट असते. चिमटे लावून टांगू नये. दीड-दोन किलोंचे वजन चार-सहा बिंदूंवर लटकते, आणि तीन दिवसांत तिथे कापड ओढले जाऊन काठाला लाटा येतात. नळीचे टाके अस्तर आणि मधला थर पकडतील पण वर दिसणार नाहीत असे घ्यावेत. थेट ऊन येणारी भिंत नाकारावी, आणि सभागृहाच्या भिंतीला हात लावून ओल आहे का पाहावे. मी एका ठिकाणी हे पाहिले नव्हते. तिसऱ्या दिवशी गोधडी उतरवली तेव्हा अस्तरावर भिंतीच्या पोपड्यांचा पांढरा नकाशा उमटला होता. लोक हात लावणारच, आणि त्यांना अडवणे मला कसेसेच वाटते, कारण गोधडी ही हातानेच कळायची वस्तू आहे. यावर मी काढलेला उपाय असा की प्रवेशाशीच दोन फूट चौरसाचा एक जुना तुकडा टेबलावर ठेवायचा आणि त्यावर "हात लावून पाहा" अशी पाटी लावायची. तिथे बोटांची हौस भागली की पुढच्या गोधड्या बऱ्याचशा सुरक्षित राहतात.

किंमत विचारली जाईल, आणि "जुन्या साड्यांचे एवढे?" हेही विचारले जाईल. त्यावर रागावू नये, ७० तासांचा हिशेब सांगावा. तासाला शंभर रुपये धरले तरी सात हजार होतात आणि त्यात कापड, दोरा, जागा काही आलेले नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना मी त्यांच्याच साड्या आणून वर्गात शिवायला सांगते. दोघी-तिघी येतातही.

एक गोष्ट मला खटकते ती इथे नोंदवते. शहरात रचना करायची, शिवण गावातल्या बायकांकडून करून घ्यायची आणि भिंतीवर फक्त स्वतःचे नाव लावायचे, असे प्रकार मी वारंवार पाहते. गावाकडे शिवण करून देणाऱ्या बायकांच्या बोटांना घट्टे पडलेले असतात आणि त्यांचे नाव कुठेही नसते. गोधडीच्या मागे मांजरपाटाची चिठ्ठी शिवावी आणि तिच्यावर वर्ष, माप, कापड कुणाचे होते, रचना कुणाची आणि शिवण कुणाची हे सारे पक्क्या शाईने लिहावे. टाके दोघींचे असतील तर दोघींची नावे.

प्रदर्शनानंतर गोधडी घडी घालून कपाटात कोंबू नये. मांजरपाटात गुंडाळून गोल गुंडाळी करावी, जागा नसेल तर घडी घालावी पण दर दोन-तीन महिन्यांनी मोडून निराळ्या रेषेवर घालावी, आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला फडक्यात बांधून शेजारी ठेवावा. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा मी पूर्ण रिकामा ठेवते. त्या दिवसांत काही शिवत नाही, शिकवत नाही. फक्त वर्षभरात लोकांनी आणून दिलेल्या साड्यांचे गाठोडे सोडते आणि कशाशेजारी काय शोभते ते जमिनीवर पसरून पाहत बसते. पुढच्या वर्षीची मोठी गोधडी बहुधा याच पसाऱ्यात सापडते.

तुमच्या यंदाच्या अडचणीपुरते सांगायचे तर, शिकवण्याचे आमंत्रण जानेवारीवर ढकला. मंडळ थांबेल, आणि नाही थांबले तरी तुमचे फारसे बिघडत नाही. प्रदर्शन सोडू नका. उरलेल्या ओळी आज मोजा, तुमच्या दुसऱ्या आकड्याने गुणा आणि दसऱ्यापर्यंतच्या आठवड्यांनी भागा. आठवड्याच्या वाट्याला दहा तासांहून कमी येत असतील तर गोधडी वेळेवर होईल. येत नसतील तर टाके लांब करून ती पुरी करू नका. आयोजकांना विचारून भिंतीऐवजी एक लाकडी खाट मागून घ्या, तिच्यावर अर्धी झालेली गोधडी पसरा आणि तिथेच बसून शिवा. लोकांना टांगलेल्या पुऱ्या गोधडीपेक्षा खडूच्या रेषेवरून सरकणारी सुई जास्त वेळ पाहावीशी वाटते, हे मी दोनदा अनुभवले आहे. मात्र येताना सुया मोजून आणा आणि संध्याकाळी निघताना मोजूनच डबीत ठेवा, कारण सकाळी पहिल्यांदा त्या खाटेवर बसणारे नेहमी एखादे लहान मूलच असते.